तरुण त्वचेवरचे डाग आणि त्यांची किंमत

भारतातील देवीचा अखेरचा रुग्ण १९७५ च्या मे महिन्यात आढळला आणि १९७७ मध्ये देश देवीमुक्त झाल्याचे प्रमाणित करण्यात आले. त्याच १९७५ साली हिंदुस्थान लीव्हर कंपनीने त्वचा उजळ करण्याचे आश्वासन देणारे 'फेअर अँड लव्हली' हे क्रीम बाजारात आणले. या दोन घटनांचा परस्परांशी कार्यकारणसंबंध काहीच नाही. तथापि योगायोगही कधी कधी बोलका असतो. ज्या वर्षी या देशातील चेहऱ्यांवर नवे व्रण पडण्याचे थांबले, त्याच वर्षापासून चेहऱ्यांच्या रंगाची पद्धतशीर विक्री सुरू झाली.

आज साठीसत्तरीत असलेल्या वाचकांना देवीचे वण असलेले चेहरे आठवत असतील. शिक्षकांत, शेजाऱ्यांत, नात्यागोत्यांत असा एखादा तरी चेहरा असेच. त्या वणांचे दुःख नव्हते असे मुळीच नाही. विशेषतः मुलींच्या बाबतीत ते होतेच. पण ते दुःख एकट्याचे नव्हते. पुढे लस आली, प्रतिजैविके आली, पोषण सुधारले, आणि एकूण समाजाची त्वचा अधिक नितळ झाली. ही प्रगतीच होय. मात्र सर्वांचे चेहरे नितळ होऊ लागले, की उरलेल्या थोड्यांच्या चेहऱ्यावरील डाग अधिक ठळक दिसू लागतो. अर्थशास्त्रात दुर्मिळ वस्तूचे मोल वाढते. येथे दुर्मिळ व्यंगाचे ओझे वाढले. त्यात आता प्रत्येकाच्या खिशात कॅमेरा आहे, आणि तो कॅमेरा छायाचित्रातील पुटकुळी आपणहून पुसून टाकतो. अशा पुसलेल्या चेहऱ्यांच्या गर्दीत सतरा वर्षांच्या मुलाने वा मुलीने सकाळी आरशात पाहावे आणि तेथे खरा चेहरा दिसावा, हा प्रसंग आता रोजचा झाला आहे.

त्वचेची दुखणी सहसा जीव घेत नाहीत. म्हणूनच घरात, शाळेत आणि दवाखान्यातही त्यांची गणना 'किरकोळ' या सदरात होते. मुरूम, म्हणजे तारुण्यपीटिका, यांच्याबद्दल तर घरोघरी एक ठरलेले वाक्य आहे: "लग्न झाले की जातील." हे वाक्य बोलणाऱ्याचा हेतू धीर देण्याचा असतो हे मान्य करूनही, बारा ते चोवीस या वयातील सुमारे ८५ टक्के मुलामुलींना कमीअधिक प्रमाणात होणाऱ्या या विकाराला ते उत्तर नव्हे. मुरूम अस्वच्छतेमुळे येत नाहीत. वयात येताना वाढणारी संप्रेरके, त्यामुळे त्वचेतील तैलग्रंथींतून वाढणारा स्राव, बुजणारी रंध्रे आणि तेथे वाढणारे जिवाणू, अशी ती साखळी आहे. दिवसातून सहा वेळा साबणाने तोंड घासणारा मुलगा ही साखळी तोडत नाही. त्वचेचा दाह मात्र वाढवतो. आणि "चेहरा धूत नाहीस का रे?" असे भर वर्गात विचारणारे शिक्षक त्याच्या दुखण्यात अपराधाची भर घालतात. इसब आणि सोरायसिस यांची कथा निराळी. तेथे खाजेने झोपच लागत नाही, आणि झोप न झालेल्या विद्यार्थ्याला आळशी ठरवून मोकळे होणे फार सोपे असते.

एका शब्दाचा घोटाळा

परंतु तरुण मनावर सर्वांत खोल घाव घालणारा त्वचाविकार म्हणजे कोड. मराठीत 'कोडकौतुक' म्हणताना जे कोड येते ते वेगळे. हे कोड संस्कृत 'कुष्ठ' या शब्दावरून आलेले आहे, आणि निम्मा अनर्थ या व्युत्पत्तीतच दडलेला आहे. 'श्वेतकुष्ठ' हा शब्द आजही सर्रास वापरला जातो. ऐकणाऱ्याच्या मनात त्याबरोबर महारोग उभा राहतो, आणि महारोगाबरोबर संसर्ग, झडलेली बोटे, गावाबाहेरची वस्ती. वस्तुतः या दोन विकारांचा एकमेकांशी सुतराम संबंध नाही. कुष्ठरोग जंतूंमुळे होतो. त्याच्या चट्ट्यावर संवेदना कमी होते किंवा नाहीशी होते. आणि शासनाकडून विनामूल्य मिळणाऱ्या बहुविध औषधोपचाराने तो सहा ते बारा महिन्यांत बरा होतो. कोडात जंतू नसतात. शरीराची स्वतःची संरक्षकव्यवस्थाच त्वचेला रंग देणाऱ्या पेशींवर हल्ला करते आणि तेवढ्या जागेचा रंग जातो. त्या जागी स्पर्श कळतो, घाम येतो, हात पूर्वीइतकेच काम करतात. ते स्पर्शाने पसरत नाही, भांड्याने पसरत नाही, एका खोलीत राहिल्याने पसरत नाही. दूध आणि मासे एका ताटात आल्यामुळे ते होते, या समजुतीलाही शास्त्राचा आधार नाही; तसे असते तर कोकणपट्टीचे चित्र काही निराळेच दिसले असते.

हा विकार नवा नाही. अथर्ववेदात 'किलास' या नावाने त्याचा उल्लेख आहे आणि त्यावरील वनस्पतींची आळवणी आहे. बावचीच्या बियांचा लेप लावून उन्हात बसण्याचा आयुर्वेदिक उपाय आणि विसाव्या शतकाच्या मध्यास रूढ झालेली सोरालेन व अतिनील किरणांची चिकित्सा, यांत एकच तत्त्व आहे. म्हणजे उपाय शोधण्याची खटपट हजारो वर्षांची आहे. समजुतींतील गाळ मात्र तसाच राहिला.

जगभरातील अंदाज असे सांगतात, की लोकसंख्येच्या अर्धा ते दोन टक्के लोकांना कोड असते आणि त्यांपैकी जवळजवळ निम्म्या जणांत ते वयाच्या विसाव्या वर्षापूर्वी सुरू होते. दोन हजार विद्यार्थ्यांचे एखादे महाविद्यालय घेतले, तर तरुण वयात हे प्रमाण कमी असते असे धरूनही पाचदहा विद्यार्थी तरी असे असावयास हवेत. स्नेहसंमेलनाच्या रंगमंचावर त्यांपैकी किती दिसतात? क्रीडांगणावर अर्ध्या बाह्यांच्या सदऱ्यात किती दिसतात? ते आहेत; पण उन्हाळ्यातही पूर्ण बाह्यांत आहेत, कपाळावर ओढलेल्या केसांखाली आहेत, शेवटच्या बाकावर आहेत, सहलीला न गेलेल्यांच्या यादीत आहेत. परीक्षेतील गुण मोजण्याची पद्धत आपल्याकडे आहे. न विचारलेला प्रश्न, न दिलेले भाषण, न भरलेला अर्ज मोजण्याची नाही.

पुसलेल्या व्रणाचा प्रयोग

या संकोचाचे स्वरूप समजून घेण्यासाठी अमेरिकेतील मानसशास्त्रज्ञ क्लेक आणि स्ट्रेंटा यांनी १९८० साली प्रसिद्ध केलेला एक प्रयोग ध्यानात घेण्याजोगा आहे. सहभागी व्यक्तींच्या चेहऱ्यावर रंगभूषेने एक ठळक व्रण रंगवण्यात आला आणि आरशात तो त्यांना दाखवण्यात आला. नंतर एका अनोळखी व्यक्तीशी त्यांनी संभाषण करावयाचे होते. संभाषणापूर्वी 'व्रण पक्का करण्यासाठी' म्हणून त्यावर काही लावण्याचा बहाणा करून तो गुपचूप पुसून टाकण्यात आला. आपल्या गालावर व्रण आहे अशा समजुतीत ही मंडळी बोलावयास गेली आणि परत येऊन सांगू लागली, की समोरची व्यक्ती अवघडलेली होती, आपल्याशी नीट वागली नाही. चेहऱ्यावर काहीही नव्हते.

या प्रयोगाचा एक आळशी अर्थ काढता येतो: सारे दुःख मनाचे आहे, मुलांनी मनावर घेऊ नये. हा अर्थ चुकीचा तर आहेच, पण क्रूरही आहे. प्रयोगातील मंडळींच्या चेहऱ्यावर व्रण नव्हता. कोड असलेल्या मुलीच्या हातावर डाग खरोखरच असतो, आणि बसमध्ये तिच्या शेजारची जागा रिकामी राहते तीही खरोखरच. प्रसाद तिच्या हातावर न ठेवता पानावर ठेवला जातो, हे तिच्या मनाचे खेळ नव्हेत. प्रयोगाचा खरा अर्थ असा, की अशी वागणूक चारदोनदा अनुभवल्यावर ती नसलेल्या ठिकाणीही दिसू लागते. खऱ्या अपमानांच्या जोडीला अपेक्षित अपमान येतात आणि दुसऱ्यांची संख्या पहिल्यांपेक्षा कितीतरी मोठी असते. समाज चार वेळा टक लावून पाहतो. तरुण मन चाळीस वेळा पाहिले गेल्याचा अनुभव घेते. त्या चाळिसांतील छत्तीसांसाठी कोणालाच दोषी धरता येत नाही, आणि म्हणून त्यांची दादही लागत नाही.

याच वयात माणूस स्वतःला इतरांच्या डोळ्यांनी पाहावयास शिकतो, ही यातील खरी अडचण आहे. पन्नाशीत कोड उठलेल्या गृहस्थापाशी संसार, नोकरी, ओळखीपाळखी असे भांडवल जमलेले असते. त्यातून तो हा तोटा सोसतो. पंधराव्या वर्षी डाग दिसलेल्या मुलीपाशी अजून काहीच जमलेले नसते. तिच्या घरात तो दिसल्याक्षणी धावपळ सुरू होते: दही बंद, आंबट बंद, कोणीतरी सुचवलेला वैद्य, कोणीतरी सुचवलेला नवस. आईवडिलांची ती धावपळ प्रेमापोटी असते यात शंका नाही. पण त्या धावपळीतून मुलीला एकच गोष्ट कळते, की आपण घरावर आलेले संकट आहोत.

औषधाची सावकारी

ही भीती जेथे आहे तेथे तिचा व्यापार असणारच. औषधे व जादूचे उपाय (आक्षेपार्ह जाहिराती) कायदा १९५४ सालचा आहे, आणि ज्या विकारांवर हमखास इलाजाची जाहिरात करण्यास त्याने बंदी घातली आहे त्यांच्या यादीत कोडाचा समावेश आहे. तरीही रेल्वेलगतच्या भिंतींवर, स्थानकांतील स्वच्छतागृहांत आणि आता मोबाइलच्या पडद्यावर 'सफेद डाग, शर्तिया इलाज' हे शब्द वाचलेले नाहीत असा वाचक विरळा. केंद्र शासनाने २०२० साली या कायद्यातील दुरुस्तीचा मसुदा प्रसिद्ध केला. त्यात शिक्षा वाढवण्याबरोबरच रंग गोरा करण्याचे दावेही यादीत घेण्याचे सुचवले होते. मसुदा प्रसिद्ध करणे आणि भिंत पुसणे यांतील अंतर भारतीय नागरिकास नव्याने सांगावयास नको.

भिंतीवरील जाहिरातीपेक्षा अधिक हानी मात्र औषधांच्या दुकानातील एका लहानशा ट्यूबने केली आहे. बेटामेथासोन, मोमेटासोन, क्लोबेटासोल ही स्टेरॉइड वर्गातील औषधे योग्य विकारावर, योग्य काळ, वैद्यकीय सल्ल्याने वापरली तर गुणकारी आहेत. पण त्यांच्या अंगी एक घातक गुण आहे: ती चार दिवसांत चेहरा उजळ आणि नितळ करतात. मुरमांवरील योग्य औषधांना गुण यावयास दोनतीन महिने लागतात. सतरा वर्षांचा मुलगा दोन महिने थांबेल की चार दिवस? येथे त्याच्या बुद्धीला दोष देण्याचे कारण नाही. दूरच्या मोठ्या लाभापेक्षा जवळचा लहान लाभ मोठा वाटणे हा मनुष्यस्वभाव आहे आणि प्रौढांची बचतखातीही त्याची साक्ष देतील. पुढील हिशेब अगदी सावकारी कर्जाचा आहे. आधी हाती रोकड येते. मग त्वचा पातळ होते, लाल पडते, उन्हाने भाजल्यासारखी होते, केस उगवतात, मुरूम पूर्वीहून दुप्पट होतात. मलम थांबवले की दाह उसळतो. तो शमवण्यासाठी पुन्हा तेच मलम लावावे लागते. व्याज फेडण्यासाठी नवे कर्ज.

हे केवळ तर्काने म्हटलेले नाही. भारतीय त्वचारोगतज्ज्ञांनी २०११ साली प्रसिद्ध केलेल्या पाहणीत बारा त्वचारोग केंद्रांत चेहऱ्याच्या तक्रारी घेऊन आलेल्या २,९२६ रुग्णांपैकी ४३३ जण अशी मलमे चेहऱ्याला लावत असल्याचे आढळले. त्यांतील निम्म्याहून अधिक जणांना हा सल्ला डॉक्टरने दिलेलाच नव्हता. मैत्रीण, नातेवाईक, सौंदर्यप्रसाधनगृह, दुकानदार हेच त्यांचे डॉक्टर. वापराच्या कारणांत पहिला क्रमांक रंग उजळण्याचा आणि त्याखालोखाल मुरमांचा होता. २०१८ साली शासनाने या वर्गातील अनेक मलमे चिठ्ठीशिवाय न विकण्याच्या औषधांत घातली. चिठ्ठी मागणारा दुकानदार मात्र शोधावाच लागतो. गजकर्णासारखा, पूर्वी साध्या मलमाने जाणारा विकार अलीकडच्या वर्षांत चिवट होऊन बसला आहे, त्यालाही स्टेरॉइडमिश्रित मलमांचा हाच बेबंद वापर मोठ्या प्रमाणात कारणीभूत आहे.

योग्य उपचाराचा मार्ग आहे, पण त्याची किंमत केवळ औषधाच्या पावतीवर लिहिलेली नसते. कोडावरील अतिनील किरणांचा उपचार आठवड्यातून दोनतीनदा, सहा महिने ते वर्षभर घ्यावा लागतो. प्रत्यक्ष उपचार काही मिनिटांचा. परंतु तालुक्याच्या गावातील विद्यार्थ्याला त्यासाठी जिल्ह्याच्या ठिकाणी जावे लागते. एस.टी.चे भाडे, वडिलांचा बुडालेला रोज, मुलाचा बुडालेला अर्धा दिवस. अर्थशास्त्र ज्याला संधी-खर्च म्हणते तो येथे उपचाराच्या खर्चाहून जड होतो, आणि तीन महिन्यांत, गुण दिसू लागण्याच्या सुमारास, उपचार सुटतो. त्यातून ७५ टक्के उपस्थितीचा नियम आहेच. तापाने आठ दिवस घरी राहिलेल्या विद्यार्थ्याचे प्रमाणपत्र स्वीकारले जाते. आठवड्यातून दोनदा किरणोपचारासाठी जाणाऱ्या विद्यार्थिनीने काय लिहून द्यावे? कारण लिहिले तर कार्यालयातील पाच टेबलांवरून ते फिरते. न लिहिले तर परीक्षेचा अर्ज अडतो. प्राचार्यांनी असा अर्ज बंद पाकिटात स्वीकारावा आणि उपस्थितीत सूट द्यावी, यासाठी कोणत्याही नव्या कायद्याची वा अनुदानाची आवश्यकता नाही. अमेरिकेत २०२२ साली कोडावरील रुक्सोलिटिनिब या मलमाला बारा वर्षांवरील रुग्णांसाठी मान्यता मिळाली, ही बातमी आशादायक खरी. पण तेथील किमती पाहता तोवर बंद पाकीट अधिक उपयोगी पडेल.

काहींनी कोडाला अपंगत्वाच्या यादीत घालण्याचा मार्ग सुचवला आहे. २०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्याने एकवीस प्रकार मान्य केले. त्यांत कुष्ठरोगातून बरे झालेले आहेत, आम्लहल्ल्याचे बळी आहेत, कोड नाही. सवलतींचा मोह समजण्याजोगा आहे. परंतु ज्या हातांची कोणतीही शक्ती उणावलेली नाही त्यांना शासनाच्या शिक्क्याने उणे ठरवणे म्हणजे बसमधील शेजारची जागा रिकामी ठेवणाऱ्याचेच म्हणणे मान्य करणे होय.

'निमगोरी' आणि इतर भाव

अखेर सारा प्रश्न विवाहाच्या दाराशी येऊन थांबतो. पालकांच्या चिंतेचे मूळही तेथेच असते. रंगाच्या छटांसाठी मराठीने 'निमगोरी' हा खास शब्द घडवला आहे. सावळ्या मुलीला अर्धी पायरी वर चढवून स्थळाच्या बाजारात तिचा भाव राखण्याची ही युक्ती. अशा बाजारात डाग असलेल्या मुलीच्या वडिलांपुढे दोनच वाटा असतात: सांगणे किंवा लपवणे. सांगितले तर कांदेपोह्यांपर्यंतही गोष्ट जात नाही. म्हणून लपवले जाते, आणि लग्नानंतर ते उघड झाले की फसवणुकीचा आरोप होतो.

जॉर्ज अकेरलॉफ या अर्थशास्त्रज्ञाने १९७० साली जुन्या मोटारींच्या बाजाराचे विश्लेषण केले होते. पुढे २००१ साली त्यांना नोबेल पारितोषिकात वाटा मिळाला. विक्रेत्याला दोष ठाऊक आणि ग्राहकाला नाही, अशा बाजारात ग्राहक प्रत्येकच मोटारीकडे संशयाने पाहतो आणि चांगल्या मालाचेही मोल उतरते, असे त्यांनी दाखवले. माणसांना मोटारींच्या पंक्तीस बसवणे शोभत नाही. पण स्थळे पाहण्याच्या आपल्या पद्धतीने ते आधीच केलेले आहे. लपवाछपवीची ही रीत पडल्यामुळे डाग नसलेल्या मुलीच्या हातांकडेही निरखून पाहिले जाते, आणि बहिणीला कोड आहे एवढ्यावरून धाकटीचे स्थळ मोडते. कोडात आनुवंशिकतेचा काही अंश असतो हे खरे. मात्र कोड असलेल्या बहुसंख्य लोकांच्या जवळच्या नात्यात दुसऱ्या कोणालाही ते नसते.

कायदा हळूहळू का होईना, पुढे सरकतो. कुष्ठरोग हे घटस्फोटाचे कारण म्हणून १९५५ च्या हिंदू विवाह कायद्यात होते. २०१९ च्या दुरुस्तीने ते काढून टाकण्यात आले. बाजारही, टीका झाली म्हणजे, पाट्या बदलतो: २०२० साली 'फेअर अँड लव्हली'चे नाव 'ग्लो अँड लव्हली' झाले, आणि त्याच सुमारास एका मोठ्या विवाहजुळणी संकेतस्थळाने वर्णानुसार स्थळे चाळण्याची सोय काढून टाकली. नाव बदलले, चाळणी गेली. छायाचित्र मात्र अर्जात राहिले.

पुण्यात डॉ. माया तुळपुळे यांनी, स्वतःला कोड असताना, श्वेता असोसिएशन ही संस्था उभी केली. कोड असलेल्यांनी एकत्र जमावे, शास्त्रीय माहिती घ्यावी, आपल्यासारखे आणखी कितीजण आहेत हे डोळ्यांनी पाहावे, हे तिचे काम. २००६ साली सुमित्रा भावे आणि सुनील सुकथनकर यांनी 'नितळ' या चित्रपटात कोड असलेल्या तरुणीला नायिका केले. मराठी पडद्यावर ही गोष्ट तोपर्यंत सुचली नव्हती. २०११ पासून २५ जून हा दिवस जगभर कोड दिन म्हणून पाळला जातो. तो मायकेल जॅक्सन याचा स्मृतिदिन. त्वचेचा रंग बदलल्याबद्दल ज्याची वर्षानुवर्षे टवाळी झाली, त्याने १९९३ साली दूरचित्रवाणीवरील मुलाखतीत आपल्याला हा विकार असल्याचे सांगितले. अनेकांनी तेव्हा विश्वास ठेवला नाही. २००९ साली त्याच्या मृत्यूनंतरच्या शवचिकित्सेत तो विकार असल्याचे नमूद झाले.

जून महिना आपल्याकडे शाळा-महाविद्यालये उघडण्याचा. नव्या वर्गात पहिल्या दिवशी शिक्षक हजेरी घेतात, ओळखपत्रासाठी छायाचित्रे मागितली जातात, गणवेशाच्या बाह्यांची लांबी ठरते. चिडवणे आणि नावे ठेवणे या आठवड्यात सुरू होते, आणि वर्गशिक्षकाने ऐकून न ऐकल्यासारखे केले की वर्षभर टिकते. कोड लागट नाही, मुरूम घाणीमुळे येत नाहीत, ही दोन वाक्ये कोणा एका विद्यार्थ्याकडे न पाहता जीवशास्त्राच्या तासाला सांगण्यास पाच मिनिटे लागतात. ज्याचे मन याहून खचले असेल, त्याच्यासाठी शासनाची टेली-मानस ही दूरध्वनीसेवा २०२२ पासून सुरू आहे; तिचा क्रमांक १४४१६. सूचनाफलकावर परीक्षेच्या वेळापत्रकाशेजारी तो लावण्यापुरती जागा बहुतेक महाविद्यालयांत असते.